कच्चा टाका

बाईंकडे राहायला गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी मी जेवताना काटा मागितला. शेवयांचा उपमा होता, म्हणून. बाई म्हणाल्या, "काटे पुष्कळ आहेत, पण खायचा एकही नाही," आणि उठून एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात स्टीलचे काटे होते खरे, पण कुणाचे दात अर्ध्यावर कापलेले, कुणाचे सुईसारखे घासलेले, कुणाची मान ठोकून सरळ केलेली. एकाला तर दोनच दात शिल्लक होते. घरमालकीण म्हणून मला कोण मिळालंय याचा विचार करत मी शेवया हाताने खाल्ल्या.

ते काटे म्हणजे बाईंची हत्यारं होती. बाई चामड्याच्या बॅगा करायच्या, हाताने शिवून. चामडं शिवायचं तर आधी सारख्या अंतरावर भोकं पाडावी लागतात. घासलेला काटा कातड्यावर उभा धरायचा, वरून लाकडी हातोडा मारायचा, की एका ओळीत चार भोकं. यासाठीचं तयार हत्यार बाजारात मिळतं, हे मी पुढे कधीतरी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "दुसऱ्याने ठरवलेल्या अंतरावर मी का शिवू?"

बाईंनी आयुष्यभर डोंबिवलीच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेलं. लग्न केलं नाही. सत्तरीला टेकल्या होत्या, केस पोरासारखे बारीक कापलेले, कारण "कामात आड येतात." निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या पर्सचा बंद तुटला. रिक्षा स्टँडजवळ बसणाऱ्या चांभाराकडे गेल्या, तो शिवतो कसा ते बघत तिथेच बसल्या आणि दुसऱ्या दिवशी घरून स्टूल घेऊन हजर झाल्या. काही महिने त्याने सोसलं. मग एके दिवशी आपली जुनी रापी, म्हणजे चामडं तासायची सुरी, बाईंच्या हातात ठेवून म्हणाला, "बाई, आता घरी करा. तुम्ही बसता म्हणून गिऱ्हाईक येईना झालंय. लोकांना वाटतं इथे शाळा भरलीय."

बाई हा प्रसंग 'माझा पदवीदान समारंभ' म्हणून सांगायच्या.

त्या रापीनंतर मात्र त्यांनी एकही हत्यार कुणाकडून घेतलं नाही. लोखंड कापायच्या करवतीचं जुनं पातं घासून सुरी केली. जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलची नळी कापून, तोंड धारदार करून गोल भोकं पाडायचा ठसा केला. छत्रीच्या काडीला आतून पन्हळीसारखी खोबण असते, हे मला बाईंमुळे कळलं. ती काडी तिरकी कापून धार लावली, की कातड्याच्या कडा गोल करायला उत्तम. त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये मोडकी छत्री दाराबाहेर वाळत घालायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे काका ओरडत खाली आले, "बाई, अहो माझी छत्री चांगली होती!" बाई छत्रीकडे नीट बघून म्हणाल्या, "होती."

कातडं आणायच्या त्या धारावीहून, लोकलने, जुन्या साडीत गुंडाळून. वॉचमनने विचारलं तर सतरंजी आहे म्हणून सांगायच्या. आमच्या सोसायटीत मांसाहाराबद्दलसुद्धा कुजबुज चालायची, तिथे चामड्याचं नाव काढायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ठकठक आवाजाबद्दल विचारलं तेव्हा बाईंनी बेधडक सांगितलं, "भाजणी कुटतेय चकल्यांची." चकली सहसा दिवाळीला होते, आणि बाईंची भाजणी वर्षभर कुटली जात होती. शेवटी वहिनींनी हसत हसत चकल्या मागितल्या. बाईंनी मला पिटाळलं. मी फडके रोडवरून चकल्या आणल्या, बाईंनी पुडीतून काढून त्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि स्वतः नेऊन दिल्या. वहिनींनी कृती विचारली. बाईंनी कृतीसुद्धा सांगितली! पुढे वहिनींनी त्या कृतीने चकल्या केल्या, त्या तेलात विरघळल्या, तर बाई म्हणाल्या, "तुमचा गॅस मोठा असणार."

स्वतःची चूक हा प्रकार बाईंच्या ठायी नव्हताच. चामडं खराब निघायचं, दोरा दगा द्यायचा, गॅस मोठा असायचा. त्यांची चूक कधी नसायची. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंना त्यांनी बॅग करून दिलेली. वर्षभराने एका कार्यक्रमात ती बॅग पुन्हा दिसली, आणि खिशाच्या कोपऱ्यावरचा एक टाका तिरका गेलाय हेही दिसलं. बाईंचं भाषणात लक्ष लागेना. "पॉलिश करून देते" म्हणून बॅग मागून आणली आणि घरी येऊन रापीने तिचे तुकडे केले. मग सगळी बॅग नव्याने शिवली. सहकारी बाई म्हणाल्या, "अगबाई, पॉलिशने किती फरक पडतो!"

आणि लग्नं. काट्यांचा पुरवठा लग्नांतून व्हायचा. दुकानातले काटे पत्र्याचे असतात, केटररकडचे जुने काटे भक्कम, असा बाईंचा सिद्धांत होता. ओळखीचं-बिनओळखीचं कुठलंही आमंत्रण त्या सोडायच्या नाहीत. वधूवरांना अक्षता टाकून झाल्या, की बुफेच्या टेबलाशी जाऊन एकेक काटा उचलायचा, अंगठ्याने वाकवून बघायचा, बशीवर टिचकी मारून कानाशी धरायचा. पसंत पडला की पर्समध्ये. पण चोरी नाही हं. पर्समधून दुकानातला नवाकोरा काटा काढून त्या जागी ठेवायचा. "अदलाबदल," बाई म्हणायच्या. कल्याणला एका हॉलवर केटररच्या माणसाने पकडलंच.

"आजी, काय शोधताय?"

"पोलाद," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि वर आइस्क्रीम आणून दिलं. बाईंना वाटलं, त्याला धातूंची जाण आहे.

आता मी या घरात कशी आले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मी मूळची चिपळूणची. वकिली पास होऊन ठाण्याला एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर म्हणून लागले. साहेब दिवाणी कामं बघायचे. बोलणं मोजकं, कपडे कडक इस्त्रीचे. मी दिवा स्टेशनजवळ एका मैत्रिणीच्या खोलीवर दाटीवाटीने राहते, पाण्यासाठी पहाटे उठते, हे त्यांना कळलं तेव्हा ते फाइलमध्ये बघत म्हणाले, "डोंबिवलीला एक बाई आहेत. एकट्या राहतात. खोली देतील. मी पाठवलं असं मात्र सांगू नका."

"ओळखीच्या आहेत का, सर?"

"तसं म्हणायला हरकत नाही," साहेब म्हणाले.

मी राहायला गेल्यावर साहेब मधूनमधून विचारू लागले, "काय, डोंबिवलीत पाणी वगैरे येतंय ना?" मी हो म्हणायचे. मग फाइलचं पान उलटून, "आणि त्या बाई... हत्यारांनी हात वगैरे कापून घेत नाहीत ना?" बाई हत्यारं वापरतात हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

मला कुणी पाठवलं ते बाईंना कळायला फार वेळ लागला नाही. एकदा त्यांनी विचारलं, "भाजी बरी झालीय का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तसं म्हणायला हरकत नाही."

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "तुला बाळ्याने पाठवलंय."

बाळ्या म्हणजे माझे कडक इस्त्रीचे साहेब. बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. मला हसू आवरेना, पण बाई हसत नव्हत्या, म्हणून आवरलं.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. वडिलांचं श्राद्ध ठाण्याला साहेबांच्या घरी व्हायचं. बाई दरवर्षी सकाळी लवकर जाऊन वडे तळायच्या. चामड्याचं काम सुरू केल्यावरच्या वर्षी त्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरल्या, तर साहेब दारात आले आणि गुरुजींच्या देखत म्हणाले, "ताई, तू आज आत नको. हातांना कातड्याचा वास येतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हात पुसले, चपला घातल्या, निघून आले. दाराबाहेर त्याचे बूट होते, चांगले कातडी, पॉलिश केलेले. एकदा वाटलं उचलून देवघरात नेऊन ठेवावेत. पायात चालतं म्हणे, हातात चालत नाही!" बाईंनी भात कालवायला घेतला. "नाही ठेवले. बाबा वरून बघत असतील, म्हटलं."

तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं. फोन नाही, येणं-जाणं नाही. किती वर्षं झाली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून माझी खरी नोकरी सुरू झाली. सकाळी साहेब विचारायचे, डोंबिवलीत पाणी येतंय ना. संध्याकाळी बाई विचारायच्या, तुझ्या त्या साहेबाचा खोकला काय म्हणतो. दोघांचंही एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं.

मग साहेबांचा साठावा वाढदिवस आला. ऑफिसात आम्ही दोघंच, मी आणि आमचे क्लार्क, कोलशेतचे एक दादा. आम्ही ठरवलं, साहेबांना बॅग द्यायची. त्यांची जुनी रेक्झिनची बॅग कोपऱ्यांतून सोलली होती, चेन मेली होती, आणि साहेब ती नाडीने बांधून कोर्टात न्यायचे. मी घरी सहज बोलले. रात्रीचं जेवण झालं, भांडी आवरली, मग बाई म्हणाल्या, "त्याच्या बॅगेत काय काय असतं?"

हा बाईंचा नेहमीचा नियम होता. बॅग हवी असेल त्याने आधी आपली पिशवी त्यांच्या टेबलावर ओतायची. माझीही ओतायला लावलेली. जुनी बिलं, तुटका कंगवा, सुटं खोबरं आणि एका पायाचा मोजा निघालेला. "माणूस काय वाहतो ते बघितल्याशिवाय मी कात्री लावत नाही," असं त्यांचं म्हणणं. आता साहेबांची बॅग काही टेबलावर ओतता येणार नव्हती. म्हणून साहेब कोर्टरूममध्ये उभे असताना मी बाहेरच्या बाकावर बसून ती नाडी सोडली आणि हेरगिरी केली. फाइली, डबा, खोकल्याचं औषध, मफलर. आतल्या कप्प्यात आवळासुपारीची डबी.

सुपारीचं ऐकून बाई खूश झाल्या. "अजून खातो! आईने किती मारलंय त्याला." डबीसाठी त्यांनी वेगळा, बोटभर रुंदीचा खिसा केला.

ती बॅग होताना मी बघितलीय. तपकिरी, जाड कातडं, मऊ पण लेचंपेचं नाही. बाई एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून शिवायच्या. प्रत्येक भोकातून एक सुई इकडून, एक तिकडून. "दोन सुयांचा टाका आहे हा. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. मशीनला हे जन्मात जमायचं नाही." दोरा मेणात ओढून घेतलेला. कडा लाटण्याने घासून आरशासारख्या केलेल्या. सगळी बॅग पूर्ण झाली, खांद्याचा पट्टा तेवढा राहिला. पट्ट्याचं एक टोक बाईंनी शिवलं आणि दुसऱ्याशी येऊन थांबल्या.

रविवारची दुपार होती. बाईंनी शिवणाच्या डब्यातून ब्लाउज शिवायचा साधा दोरा काढला. रंग बरोबर जुळत होता. एकच सुई ओवली, मेण लावलं नाही आणि पट्ट्याचं दुसरं टोक शिवायला घेतलं.

"बाई, हा दोरा?"

"गप्प बस."

"अहो पण हे किती टिकेल? फाइली केवढ्या जड असतात!"

"बॅग बिघडली की माणूस कुठे नेतो?"

"जिथे घेतली तिथे."

"मग? तुला वकील कुणी केलं गं?"

मला कळलं. पण बाईंना ते कच्चं शिवणं जमत नव्हतं. चार टाके घालायच्या आणि उसवायच्या. एकदा तर न राहवून मेणाचा दोरा घेऊन पक्कं शिवूनच टाकलं, पट्टा ओढून बघितला, समाधानाने मान हलवली, आणि मग रापी घेऊन पुन्हा कापलं. शेवटी चष्मा काढून ठेवला आणि न बघता तो कच्चा टाका घातला. उठून मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. त्या दुपारी चहासुद्धा घेतला नाही. तिरक्या टाक्यासाठी वर्षभराने आख्खी बॅग फाडणारी बाई ती. त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते एकमेव वाईट काम असेल.

वाढदिवसाला साहेबांनी कागद सोडला आणि बॅग हातात धरून उभेच राहिले. उघडली, मिटली, नाकाशी नेली. कडांवरून बोट फिरवलं. "असं काम आता कोण करतं! हे आपल्याकडचं नाही."

क्लार्क दादांना बॅग कुठली ते माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. "नाय सायेब, बाहेरचाच माल हाय यो. इटलीचा."

"तसं म्हणायला हरकत नाही," साहेब म्हणाले आणि सुपारीची डबी कप्प्यात टाकली. ती अगदी मापात बसली. साहेब क्षणभर त्या खिशाकडे बघत राहिले.

झालं, बाररूममध्ये बॅग सगळ्यांना दाखवून झाली. साहेबांची चाल बदलली. आणि पट्टा काही तुटेना.

बाई रोज दारातच विचारायच्या, "पट्टा?" मी मान हलवायचे. आठवडा गेला, दुसरा गेला. बाईंची अवस्था विचित्र झाली. तुटत नाही म्हणून चिडायच्या, आणि तुटत नाही म्हणून मनातून फुगायच्याही. "कच्चं शिवलं तरी माझ्या हातचं आहे ते. पण आता तुटायला हवं. जाड फायली का देत नाहीस त्याला?" मग मीही कामाला लागले. साहेब सकाळी बॅग भरून चहाला गेले, की निकालांचा एक जाडजूड ग्रंथ मी हळूच आत सरकवायचे. साहेब संध्याकाळी तो बाहेर काढून म्हणायचे, "हा मी कशाला नेला होता?" आणि मी फाइल शोधायला कपाटामागे जायचे.

शेवटी तुटला, तोही भर कोर्टाच्या जिन्यात. साहेब वरून येत होते, समोरून जज्जसाहेब आले, साहेब नमस्कार करायला वाकले आणि पट्टा सटकन उसवला. फाइली पायऱ्यांवर, डब्यातली उसळ फाइलींवर, आणि आवळासुपारीची डबी गडगडत थेट जज्जसाहेबांच्या बुटापाशी. जज्जसाहेबांनी ती उचलून दिली आणि म्हणाले, "मलाही घरी खाऊ देत नाहीत."

साहेब ऑफिसात आले ते लालबुंद. "कुठलं दुकान आहे ते? मी स्वतः येणार आहे. इटली म्हणे!" दादांनी घाईघाईने पाण्याची बाटली भरायला घेतली.

"डोंबिवलीत आहे, सर," मी म्हटलं. "शनिवारी दाखवते."

शनिवारी स्टेशनबाहेर आम्ही रिक्षा केली. साहेब मांडीवर बॅग धरून ताठ बसले होते. रिक्षा टिळक रस्ता सोडून आत वळली तसे ते बाहेरच्या पाट्या वाचायला लागले. मी बाहेर बघत राहिले. नोकरी जाणार हे मी जवळजवळ धरूनच चालले होते. पुढे दोन गल्ल्या फुटत होत्या. रिक्षावाल्याने मान मागे वळवून विचारलं, "ताई, किधर?" मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "डावीकडे घ्या. पिवळ्या बिल्डिंगपाशी."

जिना ते माझ्या पुढे चढले. बेल त्यांनीच वाजवली.

बाईंनी दार उघडलं. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या, वरून कामाचा कातडी एप्रन. भावाकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि दुकानदारासारख्या बाजूला झाल्या. "या. काय तक्रार आहे?"

"शिवण उसवली आहे," साहेब म्हणाले.

"बघू."

साहेबांनी बॅग टेबलावर ठेवली. टेबलावर सगळी हत्यारं मांडलेली. काटे, छत्रीच्या काड्या, एरियल. साहेब एकेक बघत होते. मध्येच त्यांनी हात घालून एक हत्यार उचललं. कातडं ओलं करून त्यावर खळगे उठवायला बाई ते वापरायच्या. मी शंभरदा बघितलं होतं, पण ते मुळात काय आहे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"ही माझी पळी आहे!" साहेब म्हणाले. "पंचपात्रातली! श्राद्धाच्या दिवशी नाहीशी झाली ती!"

"झाली असेल."

"ताई, गुरुजींनी चहाच्या चमच्याने तर्पण करवलं माझ्याकडून. मी गुरुजींवर संशय घेतला! ते गुरुजी बदलले मी!"

"बरं केलंस. मंत्र खायचे ते."

साहेबांनी पळी आपटून खाली ठेवली. मला वाटलं आता निघून जाणार. पण त्यांनी खुर्ची ओढली, खिशातून चष्मा काढला आणि उसवलेलं टोक उजेडाला धरलं. बराच वेळ बघितलं. मग पट्ट्याचं दुसरं टोक बघितलं. मग बॅगेचा तळ, कोपरे, खिसा.

"सगळीकडे मेणाचा दोरा आहे," ते कोर्टात बोलतात त्या आवाजात म्हणाले. "दोन्ही बाजूंनी घातलेला. इथे साधा आहे, आणि एकेरी. हे कसं?"

"चूक झाली," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय झाली?"

"चूक. माझी."

"तुझी?"

"ऐकू येत नाही का तुला?"

साहेब पुढे काही विचारणार होते, ते विचारलं नाही. त्यांचा अंगठा त्या उसवलेल्या दोऱ्यावरून इकडून तिकडे फिरत राहिला. बाई उगाचच काटे डब्यात भरत होत्या, आणि भरलेले पुन्हा काढत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, तिथून मला दोघांचीही तोंडं दिसत होती आणि कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं.

"चहा टाकते," शेवटी बाई म्हणाल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "पण माझ्या हाताला वास येतो."

साहेब उठले. त्यांनी बाईंचा हात मनगटाशी धरला, नाकाशी नेला आणि सोडला.

"येतो," ते म्हणाले. "मेणाचा. चहा मीच करतो. हाताचं काही नाही. तुझा चहा पहिल्यापासून वाईट."

"माझा चहा वाईट?"

"आईसुद्धा म्हणायची."

"आई असं कधीच म्हणाली नाही! दूध पातळ असायचं तेव्हा!"

साहेब शर्टाच्या बाह्या दुमडून आत शिरले आणि पातेली आपटायला लागले. साखर कुठे आहे ते त्यांनी विचारलं नाही, न विचारता बरोबर मिळालीही. बाई त्यांच्या मागे जाऊन गॅस मोठा आहे म्हणून भांडायला लागल्या. त्या दिवशी खालच्या वहिनी वर आल्या त्या भांडणाच्या आवाजाची चौकशी करायला. कधी नव्हे ते आमच्याकडे ठकठक बंद होती.

पट्टा मात्र त्या दिवशी शिवला गेला नाही. बाईंनी बॅग ठेवून घेतली. पुढच्या शनिवारी साहेब आले, तर त्यांना पट्टा जरा लांब हवा होता. त्याच्या पुढच्या वेळी बाईंना बक्कल पसंत पडेना. मग साहेबांच्या लक्षात आलं की डब्याचा कप्पा वेगळा हवा. मग बाईंच्या लक्षात आलं की त्यासाठी नवं हत्यार करावं लागेल, आणि ते करायला करवत धरायला दुसरं माणूस हवं. साहेब बाह्या दुमडून करवत धरायचे. वाकडी धरायचे, बाई ओरडायच्या. श्राद्धाचे वडे त्या वर्षी डोंबिवलीला झाले. गुरुजी जुनेच बोलावले होते.

पुढे माझं लग्न झालं, मी कल्याणला राहायला आले, तिथेच स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली. परवा एका कामासाठी ठाण्याच्या कोर्टात गेलेले, तर जिन्यात साहेब भेटले. कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट, आणि हातात एका साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीतून फाइली डोकावत होत्या.

"सर, अजून? बॅग झाली नाही?"

साहेबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"प्रकरण प्रलंबित आहे," ते म्हणाले. "शनिवारची तारीख पडली आहे."